दोऱ्यावरची गाठ

सायकालने केबलचं टोक मॉनिटरच्या पाठीत दाबलं आणि काळ्या पडद्यावर तिची नक्षी उमटली. मधोमध तंबूच्या छताचं चक्र, भोवती मेंढ्याची शिंगं.

"अगंबाई, केवढं हे!" तिच्या सासूबाई म्हणाल्या. अट-बाशी गावातल्या त्या घरात त्यांना सगळेच आपा म्हणत.

"लॅपटॉपवर बशीएवढंच दिसायचं, आपा. आता यावरूनच उतरवून घेते." सायकालने पडद्यावर पातळ कागद चिकटवला आणि मागच्या उजेडात पेन्सिल फिरवू लागली.

थोरली जाऊ बुरुलकान जमिनीवर गालिच्यासाठी नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, दोन थर जुळवत होती. वर लाल, खाली काळा. दोन्ही एकदम कापायचे; लालातला तुकडा काळ्यात बसवायचा, काळ्यातला लालात. बावीस वर्षं ही कापणी तिच्याच हातची. आज सकाळी मात्र आपांनी सुरी पुसून धाकटीपुढे ठेवली होती.

"या खेपेला सायकाल कापेल. तिची नक्षी, तिचाच हात."

"बरं," एवढंच बुरुलकान म्हणाली होती.

नक्षी कागदावर उतरवून झाली तशी दोघी चहाला गेल्या. बुरुलकानचा गुरुवारचा रोजा होता. ती एकटीच मागे राहिली. कागदावरच्या चक्राकडे तिने मान कलती करून पाहिलं, मग खिशातला दोरा काढून आडवा लावला. गाठ मारली. तोच दोरा उभा धरला, तर गाठ दोन बोटं बाहेर गेली. लॅपटॉपवर चक्र गोल होतं. मॉनिटरवर ते आडवं फुगलं होतं, आणि कागदावरही.

"एजे," स्वयंपाकघरातून सायकालची थोरल्या जावेला हाक आली, "रोजा सोडायला तुमच्यापुरते बोरसोक तळून ठेवलेत हं! आपांनी एक पळवलाय, मला विचारू नका!"

आपा खळखळून हसल्या. बुरुलकानने दोरा खिशात टाकला. रोज्यात फार बोलू नये, असं तिने स्वतःला सांगितलं.

कागद नमद्यावर पसरला गेला, खडूची रेघ फिरली. सायकाल "बिस्मिल्ला" पुटपुटली आणि तिने सुरी उचलली. बुरुलकानची नजर खालच्या काळ्या थराच्या कडेवर गेली. तो नमदा तिने शरद ऋतूभर कोपरांखाली लाटला होता. कोपरांवरची सोललेली कातडी अजून पुरती भरली नव्हती.

"थांब."

सुरी अधांतरी राहिली.

"चक्र गोल नाही."

"काहीतरीच, एजे! तुमच्या खडूने काढलेलं नाही म्हणून होय?"

"मोज की." बुरुलकानने दोरा पुढे केला आणि त्याच क्षणी तिला मघाशी मोजताना मारलेली गाठ आठवली.

सायकालने दोरा आडवा ताणला. गाठ बरोबर रेघेवर आली; उभा धरला, तर दोन बोटं बाहेर. तिची बोटं तिथेच थांबली. तिने गाठीकडे पाहिलं, मग जावेकडे. बुरुलकान नमद्यावरचा नसलेला कचरा वेचू लागली.

"काय गं, काय निघालं?" आपांनी विचारलं.

सायकाल उठून लॅपटॉपपाशी गेली. "रिझोल्यूशन लॅपटॉपचंच राहिलं होतं, आपा. हा पडदा जास्त रुंद, म्हणून चित्र ताणलं." तिने यादीतला दुसरा आकडा निवडला. पडदा क्षणभर काळा झाला आणि चक्र अंग चोरून गोल झालं.

"दोन्ही नमदे गेले असते," सायकाल म्हणाली. "पण एजेंची नजर बघा. आत्ता, नुसतं बघून ओळखलं."

"तिला कधी मोजावं लागलंय?" आपा अभिमानाने म्हणाल्या.

सायकालने नखाने हळूहळू गाठ सोडवली आणि दोरा बुरुलकानच्या तळहातावर ठेवला.

"नवा कागद तुम्ही धरता, एजे? माझा हात हलतो."

बुरुलकानने कागदाची दोन्ही टोकं पडद्यावर दाबून धरली. दोरा अजून तिच्या बोटांतच होता. पडद्याच्या उजेडात तो स्पष्ट दिसत होता; सगळीकडे सरळ, गाठीच्या जागी तेवढा मुरडलेला.