चाळीस ग्रेनच्या गोळ्या

शेडमधल्या बाकावर दोन डबे शेजारी ठेवून आर्विड टँगन बराच वेळ नुसता बसून होता. एका डब्यात नेहमीच्या हलक्या गोळ्या, चाळीस ग्रेन वजनाच्या. त्यांची वरची तांब्याची साल इतकी पातळ की मातीला लागल्या तरी त्यांचा भुगा व्हायचा. दुसऱ्या डब्यात नव्या आणलेल्या, पंचावन्न ग्रेनच्या, जाड सालीच्या. आपल्या छोट्या रायफलीची काडतुसं त्याने जन्मभर घरीच भरली होती. पितळी पुंगळीच्या बुडात ठिणगीची टोपी बसवायची, दारू मापून ओतायची, वर गोळी दाबायची. झोपेत सांगितलं असतं तरी केलं असतं. हल्ली मात्र टोपी सुलटी आहे की उलटी, हे तो बोटाने चाचपून बघायचा आणि शेडमधल्या दिव्याला शिव्या घालायचा.

खालच्या कुरणात गोफरांनी उच्छाद मांडला होता. वीतभर लांबीचं, खारीसारखं जनावर, पण अख्खं कुरण पोखरून ठेवतं. गेल्या वर्षी त्यांच्याच बिळात पाय मोडून त्याची तांबडी घोडी कायमची गेली. मॉन्टानाच्या या कोपऱ्यात वसंत आला की दुसरा उद्योग नसतो. बर्फ वितळलं की गोफर वर येतात आणि माणसं रायफली घेऊन कुरणावर जातात. यंदाही आर्विड रोज जात होता. बायको मार्लिस दुर्बीण डोळ्याला लावून शेजारी उभी राहायची आणि प्रत्येक बाराला निकाल सांगायची. ‘लागली,’ नाहीतर ‘वाऱ्याने नेली.’ लागलेल्याच जास्त असायच्या. तरी कुरण काही सावरत नव्हतं. बिळं वाढतच चालली होती, आणि हे गणित काही केल्या त्याला सुटत नव्हतं.

सुटायला तर हवं होतं. कारण गेल्या सणाच्या जेवणात, भाजलेल्या टर्कीवर सुरी चालवता चालवता, तो मुलाला सगळ्यांदेखत म्हणून बसला होता, “ज्या दिवशी मला हे कुरण राखता येणार नाही ना कर्टिस, त्या दिवशी गुरं, जमीन सगळं तुझं. आम्ही दोघं जाऊ शहरात, दवाखान्याशेजारच्या त्या खुराड्यासारख्या घरात.” बोलला होता फुशारकीने, पण शब्द तो शब्द. टँगनांच्या घरात दिलेला शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती.

मार्लिस कॉफी घेऊन शेडमध्ये आली. पायरी चढताना आधी एक पाय, मग दुसरा, अशी आडवी चढली. गुडघे गेले होते तिचे.

“हे काय नवीन?” तिने डब्याकडे बोट केलं.

“जड गोळ्या. हलक्या कुचकामी आहेत. अर्ध्या वाऱ्यावर जातात आणि लागलेले गोफर बिळात जाऊन पुन्हा धडधाकट होतात. नाहीतर एवढे मारूनही कुरणाची ही दशा कशी?”

“जड गोळी मातीवरून उसळते. टेकडीपलीकडे शेजारच्या स्टॅनलीच्या गाई असतात.”

“जूनपर्यंत नसतात. तुला माहितीय.”

“आर्विड, तुझ्या रायफलीला हलक्याच बऱ्या. आजवर तूच सांगत आलास सगळ्यांना.”

“मग आता तूच शिकव मला! तुला काय कळतंय त्यातलं?”

ती कप बाकावर ठेवून म्हणाली, “घाल तुला काय घालायचं ते. मी दमलेय रे.” दमला तोही होता. एवढा दमला होता, की भांडण पुढे न्यायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने जड गोळ्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पिकअप घेऊन कुरणावर गेले. टपावर जुनी उशी ठेवून आर्विडने तिच्यावर रायफल टेकवली. मार्लिसने कानांवर मऊ झापडं ओढली आणि दुर्बीण उचलली. आर्विडचीही झापडं होती, पण तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून एका कानावरचं तो नेहमी वर सरकवून ठेवायचा.

रायफलीवरच्या नेमाच्या काचेतून हिरवं दिसत होतं आणि त्यात तपकिरी काहीतरी. ते गोफर होतं की ढेकूळ, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. श्वास सोडला, चाप ओढला.

बार झाला. पाठोपाठ एक बारीक, लांबलचक किंचाळी कुरणावरून उठली आणि टेकडीपलीकडे विरत गेली. गोळी मातीवर आपटून अख्खीच्या अख्खी उसळली होती. तो आवाज या मुलुखातलं शेंबडं पोरही ओळखेल.

“लागली!” दोन्ही कान झाकलेली मार्लिस म्हणाली. “अगदी मध्यात!”

आर्विड हलला नाही. हलक्या गोळीने मातीत फुटून कधी आवाज केला नव्हता. म्हणून हिला हलक्याच हव्या होत्या तर! गाईंची काळजी असेलही, पण आधी चुकलेली गोळी मला कळू नये ही. त्याला संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग लाज. आपण सगळा वसंत ढेकळं मारत होतो आणि ही बाई दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून आपलं कौतुक करत होती. शहरातल्या त्या घरात जिना नव्हता, हिची बहीण शेजारच्या गल्लीत होती. एकदा खरं बोलली असती तर केव्हाच सुटली असती.

त्याने हात लांब करून तिच्या कानांवरची झापडं काढली.

“उसळली ती,” तो म्हणाला. “ऐकली मी.”

मार्लिसने दुर्बीण खाली घेतली.

“आधीच्या? त्यातली एखादी तरी?”

“सुरुवातीला लागल्या होत्या,” ती म्हणाली. “बर्फ होतं ना, तेव्हा. बर्फावर तुला नीट दिसायचं.”

वर टिटवीसारखं काहीतरी ओरडत गेलं. त्याने रायफल रिकामी केली, जड काडतुसं खिशात टाकली आणि गाडीतून आधी भरलेल्या हलक्या काडतुसांचा डबा काढला. एक काडतूस भरून रायफल तिच्याकडे दिली.

“मार.”

“मी? वेड लागलंय का तुला?”

“मार म्हणतो ना. मी सांगतो लागली की नाही.”

कुरकुरत तिने झापडं लावली आणि उशीशी वाकली. तिने नेम धरायला बराच वेळ घेतला. बार झाला. मागून काहीच आवाज आला नाही, हलक्या गोळीचा यायचाच नव्हता. आर्विडने दुर्बीण डोळ्याला लावली होती. त्याला नुसतं हिरवं दिसलं.

“लागली,” तो म्हणाला. “अगदी मध्यात.”

तिने झापडं उतरवली आणि त्याच्याकडे वळून बघितलं. डोळे भरले होते, तरी हसू आलंच तिला.

“कुठली लागतेय मेल्या! हातभर डावीकडे गेली.”

“वाऱ्याने नेली असेल.”

मार्लिसने गवताकडे बघितलं. एक पातं हलत नव्हतं. सगळा वसंतभर जे तिने गिळलं होतं ते आता तिच्या तोंडून हळूच, न रागावता आलं.

“वारा नाहीये आज, आर्विड.”

त्याने रायफल तिच्या हातातून घेतली, रिकामी पुंगळी काढली आणि सवयीने तोंडापाशी नेऊन फुंकली.

“नाहीये ना,” तो म्हणाला. “मग कर्टिसला ये म्हणावं. शब्द तो शब्द.”