दुभाजकावरचे बहावे

सोमशेखर बिराजदारांचं होटगी रस्त्यावर चादरींचं दुकान होतं, आणि तिथल्या व्यापारी संघाचं अध्यक्षपद नऊ वर्षं त्यांच्याच गळ्यात होतं. रस्त्याच्या दुभाजकावरची बहाव्याची आणि निंबाची झाडं संघानेच जगवली होती. दुकानदार वर्गणी काढायचे, त्यातून पाण्याचा टँकर आणि सुंदरम्माचा पगार भागायचा. मूळची दुधनीची सुंदरम्मा एकटीच सगळं बघायची. उन्हाळ्यात तर बुंध्यांना पाचट घालून ओल धरून ठेवायची.

अलीकडे मात्र वर्गणी मागायला गेलं की लोक "पुढच्या महिन्यात बघू की" म्हणून वाटेला लावायचे. सोमशेखर कंटाळले होते. तेवढ्यात एक जाहिरात कंपनी आली. पाच वर्षं देखभालीचा खर्च आमचा, दुभाजकावर फलक आमचे. परवानगीचंही आम्ही बघतो, संघाचं संमतिपत्र तेवढं द्या.

फलकाआड येणारी झाडं हटवता येतील, अशी एक ओळ त्या कागदात होती. सोमशेखरांनी ती वाचली. फार तर फांद्या छाटतील, अशी मनाची समजूत घालून त्यांनी सही केली.

"अण्णा, झाडास्नी काय करणार न्हाईत न्हवं?" सुंदरम्माने विचारलं.

"काही नाही गं. मी आहे की."

एप्रिलमध्ये बहावे पिवळेधमक झाले आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसांनी चौदा झाडं बुडातून कापली. सोमशेखर अक्कलकोटला लग्नात होते. सुंदरम्माचा फोन तीनदा वाजला. जेवण झाल्यावर करू, म्हणून त्यांनी तो खिशात टाकला.

संध्याकाळी परतले तेव्हा ती फांद्यांच्या ढिगापाशी बसली होती.

"तुमाला ठावं हुतं?"

"एवढं कापतील असं वाटलं नव्हतं."

ती उठली, खुरपं पिशवीत टाकून चालू लागली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

जूनच्या बैठकीत सोमशेखरांनी करार मोडून वर्गणी पुन्हा सुरू करायचा विषय काढला. एकही हात वर झाला नाही. "फुकटात होतंय ते कशाला बिघडवता?" शेजारचा मेडिकलवाला म्हणाला.

सुंदरम्मा गावी परतल्याचं कळलं, तसे एका रविवारी ते दुधनीला गेले. सुंदरम्माने चहा केला, बसायला घोंगडी टाकली.

"परत येतेस का? निंब आहेत अजून. पगार मी देईन."

"नगं अण्णा. त्यो रस्ता आता बघवत न्हाय मला."

कागदातल्या त्या ओळीचं तिला सांगायचं, असं ते वाटभर घोकत आले होते. तोंडून मात्र तुरीचं कसं काय आहे, पाऊस झाला का, एवढंच निघालं. तिने सरळपणे उत्तरं दिली. चहा संपला तसे ते उठले आणि स्टेशनकडे निघाले.