विचारायचं नाही

मार्जरीने सुनेपुढची शिंपल्यांची टोपली पायानेच बाजूला सारली.

“गळाला आमिष तू लावायचं नाहीस. विचारलंस ना त्याला?”

एल्सीने सुरी खाली ठेवली. काल पहाटे तिचा नवरा नेड होडीकडे निघाला, तेव्हा ती उंबऱ्यातून एवढंच म्हणाली होती, ‘कधी येशील?’ रात्री वारा फिरला. नेडची आणि जॉस फॉसीटची, दोन होड्या अजून आल्या नव्हत्या.

दर्यावर निघालेल्याला काही विचारायचं नाही. परतलेल्यालाही नाही, तो सांगेल तेव्हा ऐकायचं. स्कारविकमध्ये हा ‘फ्रीट’ रांगत्या पोरालाही ठाऊक.

चौकशीला पाद्रीबाबा आले. दक्षिणेकडचा तरुण माणूस, देवापेक्षा जुन्या शब्दांचा नाद जास्त.

“हिने फ्रीट मोडलाय,” मार्जरी म्हणाली. “तुमच्या पुस्तकात असल्या सुनेला काय म्हणतात?”

“पुस्तकात त्या शब्दाचं मूळ सापडलं मला,” ते चाचरत म्हणाले. “उत्तरेकडून गलबतं घेऊन आलेल्या तुमच्या पूर्वजांचा शब्द तो. आज आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो. त्यांच्याकडे अर्थ होता विचारणं. देवाला कौल लावून विचारायचे, पुढे काय होणार म्हणून. आलेल्या बातमीलाही तोच शब्द.”

“म्हणजे ते विचारायचे?” एल्सीने मान वर केली.

“निघण्याआधीच.”

मार्जरी हसली. “आणि विचारून सगळे परत यायचे वाटतं?”

“काही यायचे. काही नाही.”

मार्जरीने टोपली ओढली आणि शिंपला उघडायला घेतला. सुरी दोनदा घसरली.

“आई, तुम्ही मामंजींना कधी विचारलंत?”

“एकदाही नाही. आपल्या थीकर घराण्यात तशी रीतच नाही.”

ती हे तोऱ्यात बोलली. मामंजींचा बूटसुद्धा किनाऱ्याला लागला नव्हता.

खालून होडी दिसल्याची हाक आली. दोघी धावल्या. उतारावर बायका शाली लपेटून, ओठ मिटून उभ्या होत्या. होडी एकच होती, फॉसीटची.

मार्जरी नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहिली. मग पुढे झाली. गुडघाभर पाण्यात शिरली, तेव्हा मागे कुणीतरी “अगं मार्जरी” म्हणालं. तिने वळून पाहिलं नाही.

होडी वाळूला टेकायच्या आत तिने काठ धरला.

“जॉस,” ती म्हणाली, “आमच्या नेडची काय खबर?”