माझं तोंड टाकीकडे

मी बोलतोय, इकडे वर. अहो, ती नाही, ती शेजाऱ्यांची डिश. तिला नुसतं ऐकता येतं, बिचारीला बोलता येत नाही. तिच्याही वर, गच्चीवरच्या लोखंडी खांबाच्या टोकाला बघा. एक लांब दांडा आणि त्याच्यावर आडव्या तीन दांड्या, तोच मी. येणारेजाणारे मला काय वाट्टेल ते म्हणतात. कुणी माशाचा काटा म्हणतं, कुणी कपडे वाळत घालायचा स्टँड. एका बाईंनी तर थांबून विचारलं होतं, "याने वीज पडते का हो घरावर?"

मी बीम अँटेना आहे. हौशी रेडिओवाल्यांचा, ज्यांना हॅम म्हणतात त्यांचा. ही माणसं घरातल्या एका खोलीत बसून समुद्रापलीकडच्या माणसाशी गप्पा मारतात. मधे ना टेलिफोनची तार, ना मोबाईलची कंपनी. खाली त्यांचा सेट आणि वर मी. माझ्या दांड्यांवर मधे मधे छोटे डबे दिसतात ना, त्यांच्या आत तारेची वेटोळी आहेत. त्यांच्यामुळे मी एकटा तीन वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या तीन पट्ट्यांवर, काम करतो. एका बँडवर आभाळ मुकं झालं, की दुसऱ्यावर बोलायचं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. मला तोंड आहे आणि पाठ आहे. आखूड दांडीची बाजू म्हणजे तोंड, लांब दांडीची बाजू म्हणजे पाठ. तोंड असेल तिकडचं मला लख्ख ऐकू येतं आणि आमचा आवाजही तिकडेच जातो. पाठीमागचं म्हणाल, तर मी जवळजवळ बहिरा. म्हणून माझ्या पायाशी एक मोटार आहे आणि खाली खोलीत तिचा डबा. डब्यावरचं बटण फिरवलं की मी वळतो, आणि मी कुठे बघतोय ते काटा दाखवतो.

मी या घरात आलो तो एका लांबलचक खोक्यातून, सुट्या नळ्यांचा भारा होऊन. माझे मालक चष्मेवाले. पुढे दुकान, मागे राहत्या खोल्या, त्यामागे अंगण आणि वर गच्ची. त्यांनी मला गच्चीवर पसरलं, तेव्हा वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वहिनी म्हणजे मालकांची बायको. मालकांचे सगळे रेडिओवाले मित्र त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

"अहो, हे एवढं धूड घरावर ठेवणार?"

"धूड काय म्हणतेस? ॲल्युमिनियम आहे. फुलासारखं हलकं."

"मग फुलदाणीत ठेवा."

मालक हसले आणि पाना फिरवत राहिले. भिंगं घासणारा हात तो. एकेक नट असा बसवायचे, जणू कुणाच्या नाकावर चष्मा बसवतायत. शेवटी त्यांनी पुढच्या दांडीला लाल चिकटपट्टी गुंडाळली. म्हणाले, "हे तुझं तोंड." मला अगदी टिळा लावल्यासारखं वाटलं.

माझं करणं सोपं नाही हो. लोकांना वाटतं, अँटेना एकदा वर चढवला की झालं. पक्षी बसतात, आणि नुसते बसत नाहीत. नळ्यांमध्ये गांधीलमाश्या संसार थाटतात. सांध्यांवर काळं चढतं, केबलच्या जोडात पाणी शिरतं, ताणाच्या तारा सैल पडतात. दरवर्षी वादळी वारे सुटायच्या आत मालक खांब आडवा करून मला खाली घ्यायचे. सगळं अंग पुसायचे, नटांना तेल द्यायचे, जोडावरची टेप बदलायचे. माझ्या दांड्यांवरच्या डब्यांना खालच्या बाजूने बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी गळून जावं म्हणून. ती काडीने मोकळी करायचे. वहिनी खालून ओरडायच्या, "कधी माझा पंखा पुसलात का असा?" असं म्हणायच्या आणि थोड्या वेळाने चहा घेऊन वर यायच्या.

आमचा खरा दिवस रविवार. दूर एका बेटावर एक शाळामास्तर राहतो. तोही हॅम. रविवारी सकाळी मालक मला त्याच्याकडे वळवायचे. गच्चीवरची पाण्याची टाकी नेमकी त्याच दिशेला आहे, म्हणून रविवारी माझं तोंड टाकीकडे. मग खाली मोर्सची टकटक सुरू व्हायची. लांब ठोका, आखूड ठोका, त्यातच सगळं बोलणं. या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. पण मास्तरच्या ठोक्यांवरून मालक ओळखायचे, आज स्वारी खुशीत आहे की कुठे बिनसलंय. बोलायचे तरी काय? हवा कशी आहे, गुडघे काय म्हणतात, मुलीचा फोन आला का. एवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा! पण ते काम मला सगळ्यात आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग मालकांना झटका आला. दुकानात एका गिऱ्हाइकाला भिंग लावून दाखवता दाखवता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत होतं, ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. फक्त तोंडातून शब्द निघेना. ते दवाखान्यात असतानाच मोठं वादळ झालं. खांब कलला, माझी पुढची दांडी तुटली, आणि तिच्यावरची लाल पट्टी उडून कुठल्या कुठे गेली.

मालक चाकाच्या खुर्चीतून घरी आले. भेटायला येणारी माणसं बघून मी वरून थक्क व्हायचो. सगळी खुर्चीच्या मागे उभी राहून, मालकांच्या डोक्यावरून वहिनींशी बोलायची. "जेवतात का? झोपतात का? आपल्याला ओळखतात का?" अरे, ते समोर बसलेत, त्यांना विचारा की! मालक मान वळवायचा प्रयत्न करायचे, तोवर पाहुणे चपला घालून निघालेले असायचे.

हॅम लोकांची एक चांगली रीत आहे. आपल्यातल्या कुणाला खांबावर चढवत नसेल, तर बाकीचे जमतात आणि त्याचा अँटेना लावून देतात. तशी मालकांची मित्रमंडळी आली. मला नवी दांडी बसवली, जोड बदलले. त्यांच्यातला एक दंतवैद्य, तो पट्टा बांधून खांबावर चढला आणि दुसरा बँकवाला, तो खालून हुकूम सोडू लागला. वर येताना मी दोरीवर गरगरत होतो.

"पुढचं टोक टाकीकडे घे!" बँकवाला ओरडला.

"पुढचं कुठलं? इथून सगळं सारखंच दिसतंय!"

"तुझ्या डावीकडचं!"

"माझ्या डावीकडचं, की तुझ्या?"

"अरे, आपल्या डावीकडचं!"

आता या 'आपल्या'ला काय म्हणावं! बाकीचे चौघे चार दिशांना हात दाखवत होते. दंतवैद्याने नट आवळले आणि मला उलटा बसवला. पाठ टाकीकडे, तोंड गावाकडे.

मालक अंगणात खुर्चीत बसून वर बघत होते. त्यांनी पाहिलं. एकट्या त्यांनीच पाहिलं. त्यांनी घशातून आवाज काढला, नुसता घोगरा आवाज. मग डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर ठोकायला लागले. आखूड, आखूड, लांब. मला सगळं ऐकू येत होतं. "उलटा, उलटा, उलटा." जमलेल्यांपैकी प्रत्येकाला मोर्स येत होती हो! पण वर पाने खणखणत होते आणि खाली सगळे एकदम बोलत होते.

"वहिनी, आत न्या त्यांना. भरून आलंय," बँकवाला म्हणाला.

वहिनींचेही डोळे भरले. त्यांनी मालकांचा ठोकणारा हात मायेने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. ठोके थांबले.

मीटर लावून पाहिलं, तर मी एकदम तंदुरुस्त. उलट्या अँटेनालाही मीटर ठीकच म्हणतो, त्याला कुठे दिशा कळते! गावाच्या बाजूचे दोघेतिघे बोललेही. सगळे खूश. डब्याचा काटा मास्तरच्या दिशेला लावून दंतवैद्याने तो उंच फळीवर ठेवला. "वहिनी, आता याला हात लावायचा नाही. रविवारी नुसता सेट सुरू करून द्या."

रविवार आला. मालकांनी डाव्या हाताने मोर्स सुरू केली. अडखळत, पण स्वच्छ. ती गेली गावाच्या डोक्यावरून भलतीकडेच. मास्तरचा सेट दणकट, त्यामुळे त्याची हाक माझ्या पाठीवर पुसटशी पडायची. मालक कानाला हेडफोन दाबून ऐकायचे. मास्तर हाक मारतोय, थांबतोय, पुन्हा मारतोय. हे उत्तर देतायत आणि त्याला काही पोचत नाही. एखाद्याने दाराबाहेरून हाका माराव्यात आणि आतल्याला कडी सापडू नये, तसं चाललं होतं. दर रविवारी मास्तरच्या हाका कमी होत गेल्या. हा माणूस गेला, असं समजून एक दिवस तो थांबणार, हे मालकांना कळत होतं. मलाही कळत होतं. मी वर नुसता तडफडत होतो.

मालकांनी काय नाही केलं? फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. वहिनींनी तो हलू न देता पुसून काढला. पुन्हा दाखवलं, त्यांनी शेजारच्या घड्याळाला सेल घातला. पेन्सिल दिली, तर डाव्या हाताच्या रेघोट्या कुणालाच लागेनात. मालकांनी पेन्सिल भिरकावली. मग एका सकाळी त्यांनी टेबलावर चमचे मांडले. मधे पट्टी, तिच्यावर आडवा मोठा डाव, मग जेवणाचा चमचा, मग लहान चमचा. आणि लहान चमच्याच्या पुढे पाण्याचा पेला.

"पाणी हवंय का?" वहिनींनी पेला उचलून त्यांच्या ओठाला लावला.

ते प्यायले. करतात काय! पुन्हा पेला जागेवर ठेवला. वहिनींनी पुन्हा भरला. त्या सकाळी माझे मालक इतकं पाणी प्यायले की विचारू नका. शेवटी त्यांनी मान फिरवली आणि ते रडायला लागले. वहिनी तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, "मला नाही हो कळत. मी काय करू? मला खरंच कळत नाही तुम्हाला काय हवंय."

थोड्या वेळाने त्या धुणं घेऊन गच्चीवर आल्या. डोळे सुजलेले, दोन चिमटे ओठांत धरलेले. टाकी भरून वाहत होती. नळ बंद करायला त्या वळल्या आणि सहज वर बघितलं. माझ्याकडे. मग टाकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. चिमटे ओठांतून खाली पडले.

"अगं बाई! पेला म्हणजे टाकी!"

खाली लहान चमचा पेल्याकडे होता. वर मोठी दांडी टाकीकडे होती. ओली चादर तिथेच टाकून त्या जिन्यावरून अशा धावल्या, की माझाच जीव खालीवर झाला.

त्या मालकांच्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. समोर जमिनीवर बसल्या. "तो उलटा बसवलाय. हो ना?"

मालकांनी मान हलवली. हलवतच राहिले. वहिनींनी स्टुलावर चढून डबा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला, डाव्या हाताखाली. मालकांनी बटण फिरवलं. मोटार कुरकुरली आणि मी अर्धं आभाळ फिरून तोंड टाकीकडे केलं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

तो रविवारच होता. मालकांनी हाक दिली. काहीच नाही. पुन्हा दिली. आणि मग समुद्रावरून ते ठोके आले, लख्ख, अगदी माझ्या तोंडावर.

मास्तर म्हणाला, "हात बदललास का रे? पण तूच आहेस. मी आज शेवटचं ऐकायला बसलो होतो."

मालक हसत होते आणि डोळे वाहत होते. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?" वहिनी विचारत होत्या. मालकांनी त्यांचा हात ओढून तळव्यावर बोटाने ठोके दिले. वहिनींना एक अक्षर कळलं नाही. पण या वेळी त्यांनी ते बोट घट्ट धरलं नाही. तळवा उघडा ठेवून बसून राहिल्या.

आता त्या मोर्स शिकतायत. भाजी चिरताना सुरीने ठोके देतात, चुकतात, पुन्हा देतात. मालकांचं त्यांना कळलेलं पहिलं वाक्य होतं, "पाणी नको." त्यावर दोघं इतकी हसली की दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत गेलं. दंतवैद्य मला सुलटा करायला निघाला होता, पण मालकांनी नको म्हणून ठोकलं. काटा उलटा वाचायची त्यांना आता सवय झालीय. मित्रमंडळी आली की ओशाळून माझ्याकडे बघतात, याचीही मालकांना जरा मजा वाटत असावी.

माझंही वय झालंय. एका डब्यात पाणी साचतं, त्यामुळे एक बँड कधी चालतो, कधी रुसतो. नट गंजलेत. कधीतरी मला उतरवायला तुमच्यापैकीच कुणीतरी याल. या, माझी तक्रार नाही. नळ्या भंगारात घाला, नाहीतर वहिनींना कपडे वाळत घालायला द्या, तसंही लोक मला स्टँडच म्हणतात.

फक्त मला हात लावण्याआधी खाली जाऊन मालकांना विचारा. वहिनींना नाही, मालकांना. त्यांच्या समोर बसून विचारा. आणि ते सांगत असतील तेव्हा कृपा करून त्यांचा डावा हात धरू नका.