सात वाक्यांचा टेलिफोन

मी एक जुना टेलिफोन आहे, असे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. कारण मित्रांनो, माझ्या आयुष्याचा मोठा भाग असा गेला की माझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते. तार हातभर होती आणि ती सतरंजीखाली संपत होती. अशा वस्तूने स्वतःला टेलिफोन म्हणावे की नाही, हे मला अजून कळलेले नाही. दुसरा शब्द सापडेपर्यंत हाच चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळे जड अंग, वर रिसीव्हर आणि पुढे आकड्यांची गोल चकती. पहिली अकरा वर्षे मी लाकडाच्या एका वखारीत काढली. तिथले लोक माझ्यात तोंड घालून फळ्या, वासे आणि उशीर यांविषयी ओरडायचे. पुढे हलके, रंगीत फोन आले आणि माझी रवानगी भंगारात झाली.

तिथून मला भावजींनी उचलले. भावजी म्हणजे शहरातल्या एका नाटक मंडळाचे सामान सांभाळणारे गृहस्थ. मंडळ त्यांच्या थोरल्या भावाने काढलेले, आणि त्या भावाची बायको मंडळातली मुख्य नटी. भावजी तिला वहिनी म्हणत, ती त्यांना भावजी म्हणे. त्यामुळे रंगभूषा करणाऱ्यापासून तिकिटे फाडणाऱ्यापर्यंत सगळेच त्या दोघांना याच नावांनी ओळखत. भंगारवाल्याने माझ्या बदल्यात नाटकाचे दोन पास मागून घेतले. तो बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला आणि दुसऱ्या अंकाचा पडदा वर जाताच भर शांततेत तिला म्हणाला, "तो बघ, आपला फोन." मित्रांनो, मला मिळालेली ती पहिली दाद.

मला ठेवायच्या टेबलाचे पाय काडीसारखे होते, म्हणून भावजींनी माझे पोट उघडून आतली सगळी यंत्रे काढून टाकली. वाजण्याचे काम विंगेतल्या घंटीकडे गेले. ती भावजी दाबत. एकदा वहिनींनी रिसीव्हर उचलल्यानंतरही घंटी दोनदा वाजली. वहिनी मुळीच गडबडल्या नाहीत. रिसीव्हरमध्ये म्हणाल्या, "थांब हं जरा, शेजारचा फोन वाजतोय." त्यानंतर आठवडाभर भावजी खाली मान घालून चहा पीत होते.

भावजींची कामाची एक पद्धत होती आणि तिच्यावर मी फार विसंबून होतो. डाव्या विंगेत सामानाचे लांब टेबल असे. त्यावर त्यांनी प्रत्येक वस्तूची बाहेरची कड खडूने आखून ठेवली होती. चष्म्याची कड, चाव्यांच्या जुडग्याची कड, आणि सर्वांत मोठी माझी. प्रयोग संपला की वस्तू आपापल्या रेघेत परत आल्याशिवाय कुणी चेहऱ्याचा रंग पुसायचा नाही, असा त्यांचा दंडक. अंधारातही ते टेबलावरून हात फिरवत आणि काय नाही ते ओळखत.

ते नाटक एका आईचे होते. घर सोडून गेलेल्या मुलाचा वीस वर्षांनी फोन येतो. प्रेक्षकांना फक्त आईचे बोलणे ऐकू येते, आणि तेही केवळ सात वाक्ये. बाकी सगळी शांतता. त्या शांततेत पलीकडचा मुलगा काय म्हणत असेल, ते लोक वहिनींच्या चेहऱ्यावरून ऐकायचे. चारशे माणसे माझ्याकडे कान लावून बसायची. माझ्यात तर काही नव्हतेच. दाद खरे म्हणजे वहिनींची होती, पण खोटे कशाला सांगू, थोडी मलाही वाटायची. वर्तमानपत्रात छापून आलेल्या त्यांच्या फोटोत कोपऱ्यात माझी अर्धी चकती दिसते.

प्रत्येक प्रयोगाआधी, पडदा बंद असताना, वहिनी येऊन रिसीव्हर उचलत आणि विचारत, "ऐकू येतंय का?" विंगेतून भावजी म्हणत, "येतंय, वहिनी." मगच पहिली घंटा. सुरुवातीला वहिनी केसांना पांढरी पावडर लावून आई व्हायच्या. पुढे पावडरीचा डबा आणणे बंद झाले.

अशी तीस वर्षे गेली. तेवढ्या काळात शहरातली नाटकाची दुसरी दोन ठिकाणे बंद पडली. एकात फर्निचरचे दुकान आले आणि दुसऱ्यात गाड्या उभ्या राहू लागल्या. आमच्या नाट्यगृहाच्या छताला ओल आली. चारशे खुर्च्यांत साठ माणसे, त्यांतली वीस नात्यातली. वहिनींचे यजमान गेले. मंडळ ज्याच्या हाती आले त्या नव्या दिग्दर्शकाला सगळे मागून प्राध्यापक म्हणत, कारण कुणी "दार कुठून उघडायचं?" एवढे विचारले, तरी तो अर्धा तास समजावून सांगे. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळे स्वच्छ आणि नवे हवे असे.

त्याच सुमारास वहिनी विसरू लागल्या. आधी चहावाल्याचे नाव, मग आलेली वाट, मग एका प्रयोगात सातांपैकी चौथे वाक्य. त्या शांत राहिल्या आणि प्रेक्षकांना ती शांतता नाटकातलीच वाटली. पण भावजींना कळले. माझे टेबल रंगमंचाच्या अगदी पुढे असे. विंगेतून हळूच सांगितलेले तिथे पोहोचत नसे, आणि पोहोचलेच तर पहिल्या रांगेलाही पोहोचे. म्हणून भावजींनी मोठ्या अक्षरात सातही वाक्ये एका चिठ्ठीवर लिहिली आणि ती माझ्या अंगावर, वहिनींच्या बाजूने, चिकटवली.

"हे वाचून बोललात तर कुणाच्या बापाला कळणार नाही, वहिनी," ते म्हणाले.

"मला कळेल ना, भावजी," वहिनी म्हणाल्या. पण चिठ्ठी त्यांनी काढायला लावली नाही. नाटक सुटले तर आपल्याजवळ काय उरेल, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत आणि भावजी विषय बदलत. आम्हां तिघांशिवाय ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

मंडळ एक विनोदी नाटकही करत असे. त्यात वहिनी भाडेकरूंना पिडणारी घरमालकीण व्हायच्या आणि टेलिफोन मीच. त्या नाटकाची चिठ्ठी वेगळी. भावजी एका चिठ्ठीवर दुसरी चिकटवत, त्यामुळे माझे अंग कागदांनी जाड झाले होते. पुढच्या नाटकाची चिठ्ठी ते खडूच्या रेघेत माझ्याखाली ठेवत आणि कधी आदल्या रात्रीच, कधी प्रयोगाआधी काढून लावत. मला उचलले आणि खाली चिठ्ठी नसली, म्हणजे ती लावून झाली. कित्येक महिने त्यांचा हाच हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता.

मग एका दुपारच्या प्रयोगाला नगरपालिकेची तीन माणसे यायची होती. नाट्यगृह दुरुस्त करावे की बंद करावे, हे ती ठरवणार होती. आदल्या दिवशी विनोदी नाटक झाले होते. आता आईचे होते. पाहुणे विंगेतही डोकावतील, म्हणून प्राध्यापकांनी सकाळीच सफाईवाल्या बाईंकडून सामानाचे टेबल पुसून घेतले. तीस वर्षांच्या रेघा ओल्या फडक्याने पाच मिनिटांत गेल्या. माझ्याखालचा कागद कचऱ्यात गेला. टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्हांला उंचीप्रमाणे ओळीत मांडले.

भावजी आले आणि टेबल पाहून जागीच उभे राहिले. बोलायला वेळ नव्हता. एकेक वस्तू चाचपडत त्यांनी मला उचलले. खाली चिठ्ठी नव्हती. म्हणजे काल रात्रीच आपण ती लावली, असे धरून ते मला घेऊन पुढे गेले. मित्रांनो, मला आवाज असता तर मी तेव्हा ओरडलो असतो.

वहिनींनी विचारले, "ऐकू येतंय का?"

"येतंय, वहिनी."

दुसऱ्या अंकात घंटी वाजली. वहिनींनी रिसीव्हर उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वीस वर्षे वाट पाहिलेल्या आईच्या आवाजात म्हणाल्या, "नळ दुरुस्तीवाले ना?"

मग ती लांब शांतता. डोळे भरून आले होते.

"मोरी तुंबलीय. चार दिवस झाले."

मागे कुणीतरी खुदकन हसले. वहिनींच्या गालावरून पाणी ओघळले. तशाच कापऱ्या आवाजात त्यांनी तिसरे वाक्य वाचले, "तुम्ही येताय, की मी येऊ तुमच्याकडे आंघोळीला?"

सारे नाट्यगृह हसत सुटले. कित्येक वर्षांत त्या छताखाली एवढे हसू झाले नव्हते. नगरपालिकेतला एक जण तर रुमालाने डोळे पुसत होता. वहिनींनी हळूच मान वर केली. लोक का हसताहेत, हे त्या शोधत होत्या. मग त्यांनी चिठ्ठीकडे पुन्हा पाहिले, रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि आत निघून गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

विंगेत भावजी म्हणाले, "माझी चूक झाली, वहिनी. चिठ्ठी कालची राहिली."

"चिठ्ठी चुकली त्याचं काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मी ती वाचली, भावजी. तीन वाक्यं वाचली, आणि मला काही वेगळं वाटलंच नाही."

वहिनींनी चेहऱ्याचा रंग पुसला, तेव्हा एकही वस्तू जागेवर आलेली नव्हती. यायला जागाच उरली नव्हती.

जाताना पाहुण्यांपैकी एकाने प्राध्यापकांचा हात हातात घेऊन सांगितले की नाटक फार मजेशीर होते. दोन महिन्यांनी नाट्यगृहाला कुलूप लागले. अहवालात काय लिहिले होते, ते आम्हांला कुणी दाखवले नाही. वहिनी पुन्हा कधी रंगमंचावर उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांच्यावाचून मंडळही राहिले नाही.

आता मी वहिनींच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. भावजींनी माझ्याभोवती खडूची रेघ आखली आहे. कामवाली रोज ती पुसते, ते रोज नवी आखतात. दुपारी येऊन ते स्वयंपाकघरातून घंटी वाजवत. पहिल्या वर्षी वहिनी रिसीव्हर उचलून दोन-तीन वाक्ये म्हणत. मग एकच. मग नुसताच कानाला लावून बसत, कधी कधी उलटा.

एका दुपारी मात्र त्यांनी स्पष्ट विचारले, "कोण हवंय?"

आतून भावजी घाईने म्हणाले, "वहिनी हव्यात."

वहिनींनी थोडा विचार केला. "त्या इथे राहत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर अगदी हळू, आवाज होऊ न देता, खाली ठेवला.

त्यानंतर भावजींनी घंटी आणली नाही. ते येतात, रेघ आखतात, थोडा वेळ बसतात आणि जातात.

मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली कथा संपवताना काही शिकवण द्यावी, अशी तुमची अपेक्षा असेल. माझ्यापाशी फारशी नाही, आणि आहे ती कितपत उपयोगाची, याची मला शंका आहे. तुमच्या शहरातले नाट्यगृह उघडे असेल तर तिथे जा, असे म्हणणार होतो. पण ते उघडे असेल, असे मला मनापासून वाटत नाही. म्हणून एवढेच मागतो. कुणी म्हातारे माणूस भलतेच वाक्य बोलले, आणि ते कितीही मजेशीर असले, तरी हसण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्या दुपारी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकानेही बघितले नाही. आणि आले होते ते सगळे बघायलाच.