टाकीची आतली बाजू

वाशीमच्या बालाजीच्या देवळामागे मारोतराव तांबटाचं दुकान होतं. मारोतराव कामाला वाघ आणि बोलायला विंचू. घागर उलटी करून तिचा तळ पाहिला, की ती कोणाच्या हातची हे ते सांगत, आणि आपल्या हातची नसली तर तोंड वाकडं करत. सारी आळी त्यांना वचकून असे. त्यांचा एकुलता एक मुलगा शालिग्राम तर सगळ्यांत जास्त.

शालिग्रामचा गुन्हा एवढाच, की तो डावखुरा होता. देवाचा तांब्या डाव्या हातानं ठोकलेला कोणी घेणार नाही, हे बापाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लहानपणी त्याचा डावा हात सुतळीनं कमरेला बांधून त्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलं. उजव्या हातानं त्याची हातोडी भलतीकडेच पडायची. विसाव्या वर्षी एकदा चार गिऱ्हाइकांसमोर बाप ओरडला, "तुले नाही जमत! नाव बुडवतं माह्यं. जाय इथून!" आणि पोरगा खरंच गेला.

तो गेला गावच्या दौलतराव पाटलांकडे, त्यांची गाडी सांभाळायला. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादच्या एका नवाबाचं सामान विक्रीला निघालं, त्यातून पाटलांनी एक इटालियन मोटारसायकल उचलून आणली होती. लाल टाकीची, लांबट, उभ्या जागी पळते आहे असं वाटणारी. ती कारखान्यातून शेकड्यानं निघणाऱ्यांतली नव्हती. तिकडच्या चार-दोन कारागिरांनी हातानं घडवलेली, तशा साऱ्या जगात तीस-चाळीसच. पाटलांना ती मिरवायला हवी होती. जीव लावला तो शालिग्रामनं. बाजाराच्या दिवशी तो ती चालू करायचा, तेव्हा तिचा खर्जातला आवाज ऐकायला माणसं हातातली पिशवी खाली न ठेवता उभी राहायची. मारोतराव मात्र कधी फिरकले नाहीत.

एकदा टाकी गळायला लागली. शालिग्रामनं ती खालून उघडली, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा दुकानाच्या पायरीशी आला.

"बाबा, मी ठिगळ लावून राह्यलो. बंद कराच्या आंधी एकडाव येऊन पाहा. ज्यानं हे ठोकलं ना, तो आपल्यातलाच हाय. तांबटच हाय तो."

"मले मोटारी पाहाले येळ नाही," मारोतराव मान वर न करता म्हणाले.

तो आल्या पावली परत गेला. पुढच्याच वर्षी विषमज्वरानं तो कायमचा गेला. बापानं तेराव्याच्या दिवशीच दुकान उघडलं. माणूस दगडाचा आहे, असं आळी म्हणाली. आळीला काय कळतंय.

मग पाटलांच्या भाच्यानं ती गाडी शिरपूरच्या रस्त्यावर बाभळीवर नेऊन घातली. भाच्याला खरचटलंसुद्धा नाही, टाकीला मात्र हा एवढा पोचा पडला. इकडे नागपूरचे एक डॉक्टर दोन वर्षं त्या गाडीसाठी पत्रावर पत्र टाकत होते. पाटील एकदाचे विकायला तयार झाले. डॉक्टर गुरुवारी येणार होते. सोमवारी पाटील स्वतः गोणपाटात गुंडाळलेली टाकी घेऊन दुकानात आले.

"मारोतराव, हे तुमच्याबिगर कोनाच्यानं होनार नाही."

नाही म्हणायला मारोतरावांनी तोंड उघडलं, तोवर त्यांची बायको रुख्मिणी आतून आली आणि तिनं ती टाकी लेकराला घ्यावं तशी उचलून घेतली. मग काय बोलणार?

पेट्रोलचा वास जाईपर्यंत टाकी धुऊन उन्हात ठेवली. बुधवारी मारोतरावांनी खालचा सांधा सोडवला आणि ती उजेडाकडे धरली.

बाहेरून रंग आणि चकाकी होती. आत मात्र हातोडीचे ठोके जसेच्या तसे होते. कोणी बघणार नाही अशा जागीही एक ठोका दुसऱ्यावर चढलेला नव्हता. आणि ठोक्यांच्या ओळी कलत्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या ओळी कलतात त्याच्या बरोबर उलट्या. ज्यानं ही टाकी घडवली, तो माणूस डावखुरा होता.

एका बाजूला तळहाताएवढं ठिगळ होतं. तेही तसंच, उलट्या कलाचं. त्या परक्या कारागिराच्या कामाला खेटून बसवलेलं, आणि त्याहून तसूभर कमी नसलेलं. एवढं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नाही, हे मारोतरावांना पाहता क्षणी कळलं.

पोचा नेमका त्या ठिगळावर होता. काढायचा तर आतून ठोकावं लागणार, आणि पोराचा एकेक ठोका बापाच्या ठोक्याखाली पुसला जाणार. त्याच्या हातचं दुसरं काहीच जगात उरलेलं नव्हतं.

त्यांनी हातोडी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी ठिगळावरून एकदा बोट फिरवलं आणि खालचा सांधा होता तसा बंद करून टाकला.

गुरुवारी पाटील डॉक्टरांना घेऊनच दुकानात आले. पोचा पाहून पाटलांचं डोकं फिरलं.

"काहून? एवढंसं काम तुमाले नाही जमलं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. मारोतराव त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "नाही जमत मले."

म्हाताऱ्याचा हात गेला, ही बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली. डॉक्टरांनी मात्र बैल घेणारा पाठीवरून हात फिरवतो तसा टाकीवरून हात फिरवला, पोच्यावरूनही. "असू द्या," ते म्हणाले. "पत्रा मूळचा आहे ना, मला पुरे."

टाकी चढवून गाडी नागपूरला निघाली. मारोतराव पहिल्यांदाच तिला बघायला रस्त्यावर आले. खर्जातला तो आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ते तिथं उभे होते. मग घरी येऊन ओट्यावर बसले.

"अवं," ते बायकोला म्हणाले, "त्याचा हात माह्याहून चांगला होता."

रुख्मिणीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याले सांगाचं होतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.