शेहेचाळीस भरणारी बाई

"चढ गं शेहेचाळीस," मालक ओरडले, आणि ती हातातला पेचकस ठेवून काट्यावर चढली.

समोर गिरणीवाले कमरेवर हात ठेवून उभे होते. पंधरा दिवसांपूर्वी इथूनच दुरुस्त करून नेलेला काटा त्यांनी हातगाडीवर घालून परत आणला होता. "पन्नासचं पोतं सत्तेचाळीस दाखवतोय तुमचा काटा. गिऱ्हाइकं मला चोर म्हणायला लागलीत!"

आकडे थरथरले आणि थांबले. शेहेचाळीस.

"बघा!" मालकांनी टेबलावर थाप मारली. "इकडची दुनिया तिकडे होईल, पण ही बाई शेहेचाळीसच भरणार. नऊ वर्षं बघतोय मी."

ते खोटं नव्हतं. काटे तपासायची वीस-वीस किलोची वजनं खालच्या फळीवर धूळ खात पडलेली. मालकांची कंबर धरायची, म्हणून एकदा त्यांनी हिला उभं केलं. ही भरली बरोबर शेहेचाळीस. महिन्यानं पुन्हा तेवढीच. मग काय, आयतं वजन मिळालं, तेही स्वतःच्या पायांनी चढणारं. दुरुस्तीला आलेला काटा शेहेचाळीस दाखवेपर्यंत मालक पेच फिरवायचे आणि काम झालं म्हणायचे. गल्लीत तिचं नावच ते पडलं.

तिला राग यायचा. काडी, फुंकर मारली तर उडेल, घरी उपाशी ठेवतात की काय, हे सगळं तिनं बत्तीस वर्षं हसून ऐकलं होतं. जाड माणसाला तोंडावर जाड म्हणताना लोक निदान थोडे कचरतात, बारक्याला बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण चार महिन्यांपूर्वी मालट्रकच्या मोठ्या काट्याचं काम आलं. तपासणीसाठी वीस किलोची पन्नास वजनं चढवायची, उतरवायची. या धंद्यातलं मानाचं काम. तिनं ते मागितलं, तेव्हा मालक पोट धरून हसले. "तू वजन उचलणार? अगं, वजनच तुला उचलेल! आधी पन्नास भर, मग बघू."

त्या संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही. "बांधाच तुझा असा आहे," बाई म्हणाल्या. "पण वाढवता येईल. घाई मात्र नको. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे. जेवणाआधी चहा ढोसून भूक मारायची नाही. आणि वजन उचल, नाहीतर खाल्लेलं नुसतं पोटावर बसेल." आईनं कौतुकानं आणलेला पैलवानाच्या चित्राचा पावडरचा डबा बाईंनी बाजूला सरकवला. "हा पैलवानालाच राहू दे."

चार महिने ती घड्याळ लावून जेवली. भूक नसताना जेवणं काय असतं ते भुकेल्याला सांगून पटायचं नाही. अकराच्या ठोक्याला शेंगदाणे, चारला दोन अंडी. घरी पाण्यानं भरलेले दोन कॅन उचलून उठाबशा. आई दारात उभी राहून म्हणायची, "अगं, आपल्या घराण्यातच नाही ते. तुझे बाबा जन्मभर असेच होते."

"म्हणून मी पण राहू?"

पण दुकानात काटा दुरुस्त झाला, ती चढली, की आकडा तोच. शेहेचाळीस. पोलक्याच्या बाह्या दंडाला काचायला लागल्या, तर आई म्हणाली, धुऊन आटलं असेल. तिलाही ते खरं वाटलं. काल तर तिनं अंडी तशीच परत नेली होती. घशाखाली उतरेनात.

"या महिन्यात तुम्ही तिसरे," मालक गिरणीवाल्यांना सांगत होते. "सगळ्यांचं हेच, काटा कमी दाखवतो. मी म्हणतो, तुमची पोतीच..."

ती काट्यावरच उभी होती. तिसरे. सगळेच काटे कमी दाखवतात. आणि सगळे तिच्याच वजनावरून लावलेले.

ती खाली उतरली. खालच्या फळीपाशी बसली, पाठ ताठ ठेवली आणि वीस किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. मग दुसरं.

"अगं, अगं! कंबर मोडेल!" मालक धावले.

काट्यावर चाळीसच्या जागी साडेसदतीस आले होते. गिरणीवाल्यांनी डोळे मोठे केले.

तिनं कुणाला विचारलं नाही. काट्याखालची पेटी उघडली आणि चाळीसला चाळीस येईपर्यंत पेच फिरवला. तिसरं वजन चढवलं. साठ. तिन्ही उतरवली आणि स्वतः चढली.

अठ्ठेचाळीस किलो नऊशे ग्रॅम.

ती मोठ्यानं हसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. "काटे बिघडले नव्हते, मालक. तुम्ही बिघडवलेत. मी वाढत होते आणि तुम्ही प्रत्येक काटा माझ्या जुन्या वजनावर आणत होतात."

गिरणीवाले खो खो हसले. मालक मात्र खुर्चीत बसले. ते पुटपुटले, "पन्नास कुठे भरलेत अजून?"

"भरतील. नाही भरले तरी साठ किलो चढवून उतरवलेत आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत. मोठ्या काट्याची पुढची तपासणी सोमवारी आहे, तिथं मी जाणार. आणि आधी तक्रार केलेल्या त्या दोघांचे काटे आज परत मागवा, मी लावून देते. वजनं ठेवून."

सोमवारी सकाळी टेम्पो दारात लागला. तिनं डबा उघडून उभ्या उभ्याच दोन अंडी खाल्ली. मालकांनी कपाटातून वजनं उचलायचे चामडी हातमोजे काढून तिच्यापुढे धरले. तिनं घातले. बोटं निम्म्यातच संपत होती.

"मोठे होतात गं तुला," मालक म्हणाले. तिच्या बारकेपणावर बोलताना ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

"मग लहान आणा," ती म्हणाली. हातमोजे काढून तिनं त्यांच्या हातात दिले आणि पहिलं वजन उघड्या हातांनी उचललं.